कच्चे टाके

टेलरबाई संख्याशास्त्राच्या पेपरात दोनदा नापास झाली होती आणि दोन्ही वेळा तिचं एकही गणित चुकलं नव्हतं. आठांतली तीनच सोडवायची, पण ती अशी की तपासणाऱ्याने बघत राहावं. पुढची पानं कोरी. आता तिसरी संधी, तीही शेवटची. ही हुकली की सेहेचाळिसाव्या वर्षी सुरू केलेलं कॉलेज पाण्यात.

वर्गात पोरं तिला मावशी म्हणत. तिने हात वर केला की मागून कण्हणं ऐकू यायचं, "मावशी, ते परीक्षेला येत नाही हो!"

"म्हणून काय समजून घ्यायचं नाही?"

सर घड्याळ बघत हसायचे. "तुम्हाला आता कुठे नोकरी करायचीय? हौस आहे, ठीक आहे."

हौस! दिवसभर मशीनवर पाठ मोडून बाई पहिल्या बाकावर येऊन बसते, आणि याच्या लेखी हौस. स्वतः हा गृहस्थ पंधरा वर्षं एकच पिवळी पडलेली वही वाचून दाखवत होता. कुणी खरंच शिकायला आलं की अशांची पंचाईत होते.

लेक त्याच वर्गात. पेपर कसाबसा रेटून ती पहिल्याच फटक्यात सुटली होती, आणि आता आईची मास्तरीण झाली होती.

"बारा मिनिटं झाली. पुढचं घे."

"अगं, पण हे जुळत नाहीये."

"राहू दे!"

"राहू दे म्हणजे? एका बाहीचा शर्ट देऊ गिऱ्हाईकाला?"

"आई, तू नापास होणार आहेस आणि मी तुला ओळखही दाखवणार नाहीये."

"नको दाखवूस. डबा मात्र माझ्याच हातचा खा."

परीक्षेच्या सकाळीही बाई कोट घेऊन बसलेली. हात चालू असला की तिचा जीव ठिकाणावर राहतो. पांढऱ्या दोऱ्याने लांब लांब, वेडेवाकडे टाके घालत होती.

लेकीने नाक मुरडलं. "हे तुझे टाके? शी!"

"कच्चे आहेत ते. आधी सगळा कोट नुसता उभा करायचा, अंगावर चढवून बघायचा, मग पक्की शिवण. पहिलीच बाही पक्की करत बसलं तर कोट होईल का कधी?"

लेक कमरेवर हात ठेवून आईकडे नुसती बघत राहिली.

टेलरबाईची सुई हवेत थांबली. "अगं बाई," ती म्हणाली.

त्या दिवशी तिने आठही गणितं आधी कच्ची टाकली. प्रत्येकाचं सूत्र, तक्ता, दोन ओळी, की पुढे. मग पहिल्यापासून पक्की करत आली. सात झाली. आठव्यात सरासरीपासूनच्या फरकांची बेरीज शून्य यायला हवी, तिथे दोन येत होते. हात शिवशिवला. पण घंटा झाली, आणि तिने पेपर दिला. पुढे ती पास झाली, चांगली झाली, हे इथेच सांगून टाकलेलं बरं.

घरी आल्यावर तिने चपलाही नीट काढल्या नाहीत. प्रश्नपत्रिका मशीनवर पसरली आणि वही उघडून आठव्याचा तक्ता पुन्हा जसाच्या तसा मांडला.

"आता कशाला?" लेक म्हणाली. "पेपर संपला. सात बरोबर आलीत ना? आता याचे मार्क कुणी देणार नाही तुला."

"मागतंय कोण? ते दोन आले कुठून, ते बघू दे मला."

लेक पाणी पीत मागे उभी राहिली. आईचं बोट तक्त्यावरून खाली उतरत होतं, शिवण तपासावी तसं. एका ओळीवर ते थांबलं. बाई गालातल्या गालात हसली.

"सापडलं?"

"सापडलं."

"कुठे? नाही, थांब! सांगू नकोस."

लेकीने पेला ठेवला, स्टूल ओढलं आणि वही स्वतःकडे फिरवली.

"ओळ तरी सांग."

"उसव आणि बघ," आई म्हणाली, आणि तिने कोट मांडीवर घेतला.