दाबून काढलेली रेघ

धाकटीला घाबरायला कारण लागत नसे. कुत्रं भुंकलं की ती घाबरायची, आणि रोज भुंकणारं कुत्रं एखाद्या दिवशी गप्प बसलं तरी घाबरायची. वय चौतीस, पण काळीज सशाचं. लहानपणापासून तिचा एकच प्रश्न असायचा, "ताई, मी कुठे उभी राहू?" रस्ता ओलांडताना, शाळेच्या रांगेत, वडील गेले त्या दिवशी माणसांनी भरलेल्या घरात, हेच. मग ताई तिला खांद्याला धरून एका जागी उभी करायची आणि धाकटीच्या जिवात जीव यायचा.

पुस्तकबांधणीच्या कारखान्यातही ताईनेच तिला चिकटवली होती. पहिल्या दिवशी दारातून आत येताच धाकटीने तोच प्रश्न विचारला आणि अख्खा कारखाना हसला.

कारखाना म्हणजे तळमजल्यावरची एक लांबलचक खोली. छापलेले कागद यायचे, त्यांच्या घड्या घालायच्या, शिवायचं, पुठ्ठा चढवायचा आणि शेवटी कटिंग मशीनवर कडा कापायच्या. वरच्या मजल्यावर कागदाचं गोदाम. रस्त्याकडे उघडणारं दार एकच, आणि तेही वाऱ्याने कागद उडू नयेत म्हणून दिवसभर लावलेलं. दाराच्या अगदी लगत ताईचं शिलाईचं टेबल, आणि समोरच्या भिंतीशी धाकटीची घड्या घालायची जागा.

दोन वर्षांपूर्वी धाकटीने एकदा धीर करून तोंड उघडलं होतं. "गॅसचा वास येतोय!" म्हणून ती ओरडली, सगळे धावत बाहेर पडले, मालकाचा एक पाय चपलेविना. वास निघाला नव्या सरसाचा. त्या दिवसाची ऑर्डर रखडली, आणि तेव्हापासून कुणी डबा उघडला तरी विचारायचे, "काय गं, कसला वास येतोय का?" धाकटी हसण्यावारी न्यायची. पण मनातल्या मनात तिने कानाला खडा लावला होता, की आभाळ कोसळलं तरी आपण पुन्हा ओरडायचं नाही.

चित्रकलेचं खूळ तिच्या डोक्यात शिरलं तेही इथेच. नवशिक्यांसाठीची सरावाची वही बांधायला आली होती. घड्या घालता घालता धाकटी एकेक पान वाचत गेली. पहिला धडा रेघांचा, दुसरा गोलाचा, तिसरा डब्याचा. एका वहीला पुठ्ठा उलटा लागला, ती वाया गेलेली प्रत मालकाने तिला दिली. मागच्या पानावर वर्गाचा पत्ता होता. शनिवारी संध्याकाळी, शाळेच्या एका खोलीत. ताई म्हणाली, "जा की! कागदाला घाबरायचं काय कारण?"

कारण होतं. वर्गात सर होते आणि सरांकडे लाल पेन्सिल होती. सर तसे मऊ स्वभावाचे, आवाज कधी चढवायचे नाहीत, पण वही हातात घेतली की पान उलटायच्या आधी "हं" म्हणायचे. त्या "हं"सरशी धाकटी पेन्सिल आणखी घट्ट धरायची. महिनाभर ती नुसत्या रेघा काढत होती. सर दर आठवड्याला एकच सांगायचे, "किती दाबता! पेन्सिल आहे ती, दाभण नव्हे. हात हलका ठेवा." धाकटीचा हात काही हलका होईना. घाबरलेलं माणूस हातात येईल ते घट्टच धरतं.

मग आला तीस दिवसांचा सराव. एकच जागा, एकच वेळ, रोज एक चित्र. सर म्हणाले, "जे माहीत आहे ते काढू नका. जे दिसतं ते काढा." धाकटीने कारखान्यातली जेवणाची सुट्टी निवडली; मोठी ऑर्डर आल्यामुळे रविवारीही काम चालू होतं. आपल्या जागेवर बसून समोर दिसेल ते काढायचं. रस्त्याचं दार, त्याची चौकट, शेजारी ताईचं टेबल आणि स्टूल.

पहिल्या शनिवारी सरांनी सहा चित्रं पाहिली. "हं. टेबल जमलंय. पण चौकट बघा, डावा खांब वरच्या बाजूला आत झुकलाय." त्यांनी वरून लाल रेघ मारली, सरळ. "उभ्या रेघा उभ्याच हव्यात."

दुसऱ्या शनिवारीही तेच. "पुन्हा झुकला. तुमचा हात एका बाजूला ओढतोय. असं करा, दोऱ्याला काहीतरी जड बांधा, डोळ्यासमोर धरा, आणि त्याच्याशी चौकट ताडून बघा. म्हणजे चूक कळेल."

सोमवारी धाकटीने शिलाईच्या दोऱ्याला दाभण बांधलं आणि हात लांब करून धरलं. दोरा सरळ खाली लोंबत होता. चौकटीचा खांब खाली दोऱ्याला टेकलेला, आणि वर मध्ये उजेडाची एक बारीक फट. ती बघतच राहिली. मग तिने स्वतःलाच दटावलं. हात थरथरत असेल. आपला हात काय, आपलं डोकं काय, थरथरायला निमित्तच शोधत असतं. शिवाय ते दार मध्येच अडकायचं खरं, पण कटिंगवाले काका त्याला रंधा मारून मोकळं करायचे. "लाकूड फुगलंय," ते म्हणायचे. काका कागदाची कड केसाइतकी चुकू देत नसत. ते म्हणाले फुगलं, म्हणजे फुगलं.

आणि मग धाकटीने ते केलं, ज्याची तिला पुढे आयुष्यभर लाज वाटली. दिसेल तसं झुकतं चित्र ती काढायची, शनिवारच्या "हं"ची आठवण व्हायची, आणि ती खांबाची रेघ खोडून फूटपट्टीने सरळ मारायची. पहिल्या दिवशी जरा टोचलं, नंतर सवय झाली. अशी नऊ चित्रं झाली. तिसऱ्या शनिवारी तोवरची सरांनी पाहिली, आणि प्रत्येक पानाखाली लाल अक्षरात लिहिलं, "छान!" शेवटी म्हणाले, "बघा, सुधारला की नाही हात? आता फक्त दाबणं सोडा." धाकटी घरी गेली ती तरंगत.

चोविसाव्या दिवशी ती चित्र काढत असताना ताईने टेबलावर फुंकर मारली. "ही कसली पांढरी भुकटी पडतेय सकाळपासून? तिसऱ्यांदा पुसतेय." आणि पुन्हा डबा खायला लागली.

धाकटीने वर पाहिलं. चौकटीवरच्या तुळईखाली, गिलाव्यात, करंगळीएवढी लांब एक चीर होती. तिने दोरा धरला. उजेडाची फट आता बारीक नव्हती. दुसरा हात टेकवून धरला, श्वास रोखून धरला, डावा डोळा मिटून पाहिलं, उजवा मिटून पाहिलं. फट तेवढीच. वर गोदामात एखादा गठ्ठा धप्पकन कलंडल्याचा आवाज आला. मोठ्या ऑर्डरचे गठ्ठे गेला महिनाभर तिथे चढतच होते.

ताई त्या तुळईच्या बरोबर खाली बसून लोणी लावलेला पाव खात होती.

"ताई, इकडे बस ना माझ्याशेजारी."

"का गं?"

"ती चौकट झुकलीय. वरून काहीतरी पडेल असं वाटतंय."

ताईने हसून कपाळाला हात लावला. "बाई गं, आता चौकटीचा पण वास यायला लागला का तुला?" शेजारच्या दोघीतिघी खिदळल्या. धाकटीच्या कानापर्यंत लाली चढली. तिथेच गप्प बसावं असं तिच्या अगदी मनात आलं होतं. पण पाय तिला न विचारता मालकाच्या टेबलापाशी गेले.

मालक वाईट माणूस नव्हता, फक्त त्याला ऑर्डरची घाई होती. त्याने वही घेतली, शेवटची पानं चाळली आणि मान हलवली. "बाई, मला तर सरळ दिसतेय. हे बघा ना, तुमच्या सरांनीच लिहिलंय, छान. हेही छान. हेही." त्याने वही परत दिली. "सर खोटं लिहितील का?"

सर खोटं लिहीत नव्हते. खोटं तिने काढलं होतं. एकदा नव्हे, नऊ वेळा, फूटपट्टी लावून. भित्री भागुबाई असण्याचं तिला कधी एवढं वाईट वाटलं नव्हतं. आता ती खरं बोलत होती आणि तिच्याच हातची नऊ चित्रं तिच्याविरुद्ध साक्ष देत होती. पुन्हा ओरडावं, तर दोन वर्षांपूर्वीचा सरस होताच. कोण हलणार होतं?

ती जागेवर येऊन बसली. मांडीवर वही उघडी पडली होती आणि बाजूच्या गजांच्या खिडकीतून दुपारचं ऊन पानावर तिरकं येत होतं. डोळे पुसताना तिला दिसलं, की फूटपट्टीच्या काळ्या रेघेशेजारी कागदावर एक खाच आहे. काळी नाही, पांढरीही नाही, नुसता खड्डा. तिने बोट फिरवलं. बोटाला लागली.

खोडलेली रेघ. खोडरबराने शिसं गेलं होतं, खाच गेली नव्हती. ती दाबून काढायची ना!

धाकटीने पेन्सिल आडवी धरली आणि आयुष्यात पहिल्यांदा हलक्या हाताने कागदावर घासत गेली. पान करडं झालं आणि त्यात ती खाच पांढरी राहून उठून दिसली. एका बाजूला फूटपट्टीची खोटी, सरळ रेघ. दुसऱ्या बाजूला खरी, झुकलेली. खाली दोन्ही एकत्र, वर मध्ये केसाएवढी जागा. तिने पुढचं पान घासलं. मग त्याच्या पुढचं. पाचव्या पानावर ती जागा दोऱ्याएवढी झाली होती. नवव्यावर काडेपेटीतल्या काडीएवढी.

हात थरथरत असता तर रेघ कधी इकडे गेली असती, कधी तिकडे. ही रोज एकाच बाजूला जात होती.

ती ताईकडे गेली नाही, मालकाकडेही नाही. कटिंगवाल्या काकांपुढे तिने वही ठेवली. नुसती पानं उलटत राहिली. काकांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. पहिलं पान पाहिलं. नववं पाहिलं. पुन्हा पहिलं पाहिलं. मग दाराकडे पाहिलं.

"लाकूड फुगतं ते एकदा," ते हळूच म्हणाले. "मी या महिन्यात तीनदा रंधा मारला."

त्यांनी मशीन बंद केलं. सुट्टीतसुद्धा गुरगुरत असलेलं ते मशीन संध्याकाळशिवाय कधी बंद होत नसे. ती शांतता सगळ्यांना ऐकू आली. ताईचा घास हातातच राहिला.

"सगळे बाहेर व्हा," काका म्हणाले. "डबे राहू देत. धावू नका, पाय आपटू नका."

"काका, तुम्हीसुद्धा?" मालक उठला. "अहो, ऑर्डर..."

"आधी दार उघडा."

मालकाने कडी काढून दार ओढलं. दार हललं नाही. त्याने दोन्ही हातांनी ओढलं. हललं नाही. वरून त्याच्या केसांवर भुकटी पडली, त्याने मान वर केली, आणि त्याच्या चेहऱ्याचा रंग उडालेला धाकटीला स्पष्ट दिसला. आत तेराजण होते आणि दार एकच. कुणीतरी हुंदका दिला. काका मालकाच्या मागे गेले, दोघांनी मिळून हिसका दिला, आणि दार किंचाळत हातभर उघडलं, तेवढंच.

त्या हातभर फटीतून एकेकजण बाहेर पडला, जीव मुठीत धरून, अंग चोरून, कुणाचाही धक्का चौकटीला लागू न देता. धाकटी बाहेर आली तेव्हा ताई अजून आतच होती. ताईला सगळ्यांना आधी पाठवायची सवय. धाकटीने उघड्या फटीतून हात आत घातला, ताईच्या मनगटाला घट्ट धरलं, आणि ओढलं. ताईच्या मागून काका आले, सर्वांत शेवटी मालक.

मालक रस्त्यावर येऊन तोंड उघडतो न उघडतो तोच आत काहीतरी फाटल्यासारखा आवाज झाला. मग एक धप्प. दाराच्या फटीतून पांढरा धुरळा बाहेर आला. तो जरा बसल्यावर दिसलं की गिलाव्याचा पाटाएवढा तुकडा तुळईपासून सुटून खाली आला होता. ताईचं स्टूल त्याच्याखाली मोडून पडलं होतं. शेजारी डबा तसाच उघडा होता.

वर तुळई वाकली होती आणि तिच्यावर ऑर्डरचे सगळे गठ्ठे अजून होते.

मालक फोन लावत होता, चुकत होता, पुन्हा लावत होता. काका रस्त्यावरच्या माणसांना हात करून लांब जायला सांगत होते. धाकटीने वही छातीशी एवढी दाबून धरली होती की पुठ्ठा वाकला होता. एवढी ती जन्मात घाबरली नव्हती.

तिच्या हातातलं ताईचं मनगट गार पडलं होतं. ताई त्या स्टुलाकडे बघत होती. जिने कधी कशालाच भीक घातली नव्हती, ती ताई. तिने मान वळवून धाकटीकडे पाहिलं.

"मी कुठे उभी राहू?"

धाकटीने आजूबाजूच्या भिंती पाहिल्या, एकेक करून, खालपासून वरपर्यंत. मग ताईला खांद्याला धरून रस्त्यापलीकडे नेलं आणि उघड्या मैदानाच्या कडेला उभी केली.