लाल रेघेखालचे तीस किलोमीटर

मी तोंडाने फटकळ आणि दादा हट्टी. आईबाबांनी ही दोनच रत्नं जन्माला घातली. म्हणून बाबांची जुनी गाडी बॅटरीवर करायचं ठरलं तेव्हा वहिनी हसून म्हणाली, "डॅशबोर्ड तूच करणार ना? मग मी आधीच कानात बोळे घालून बसते."

गाडीच्या पडद्यावर काय, कुठे, कसं दिसावं हे ठरवणं हा माझा धंदा. इंजिन काढून बॅटरी बसवायचं काम मिस्तरींनी महिन्याभरात उरकलं. मला तीन महिने लागले, कारण दादाला पडदा हवा होता पण तो पडदा वाटायला नको होता. जुन्या तबकड्या खिडकीत ठेवून मी त्यांचे फोटो काढले, आकडे हाताने गिरवले. खड्ड्यात काटा थरथरायचा, तीही थरथर आणली. बघून दादा लहान पोरासारखा खूश झाला.

भांडण झालं ते पेट्रोलच्या तबकडीवरून. आता ती बॅटरी दाखवणार होती. काट्याखाली मी उरलेल्या किलोमीटरचा आकडा टाकला होता, आणि बॅटरी संपत आली की वाजणारी घंटा.

"काढ ते," दादा म्हणाला.

"अरे, किती उरलंय ते कळायला नको?"

"पंचवीस वर्षं काट्यावर चालवतोय. मला गाडीनं शिकवायचं नाही, आणि तू तर मुळीच नाही."

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "घे तुझा काटा!" म्हणत मी त्याच्यासमोर आकडा पुसला, घंटाही काढली. पडदा बसवायला आलेले मिस्तरी मान खाली घालून नट आवळत राहिले.

एक गोष्ट आम्हा दोघांना ठाऊक होती. जुना काटा खोटारडा होता. लाल रेघेवर टेकला तरी टाकीत तीस किलोमीटरचं पेट्रोल असायचं. काटा टेकला की बाबा म्हणायचे, "आता कुठे गाडी रंगात आली!" नवा काटा मी खरा केला. लाल रेघ म्हणजे शून्य. हे दादाला सांगायला हवं होतं. पण मी अबोला धरला होता, आणि मग राहून गेलं. राहून गेलं, दुसरं काय सांगू!

दादा गाडी रोज चार्जिंगला लावायचा, त्यामुळे पाच महिने काटा कधी तळाला गेलाच नाही. मग एका सकाळी वहिनीच्या छातीत कळ आली. रुग्णवाहिकेला अर्धा तास लागेल म्हणाले. दादानं तिला गाडीत बसवलं. हॉस्पिटल अकरा किलोमीटरवर, काटा रेघेच्या जरासा वर. सातव्या किलोमीटरला, पुलाच्या चढावर, गाडी मंदावली आणि थांबली. एका ट्रकवाल्यानं त्यांना पुढे पोचवलं. डॉक्टर म्हणाले, वीस मिनिटं आधी आणलं असतं तर वाचल्या असत्या.

चौथ्या दिवशी मी गेले. दादा स्वयंपाकघरात बसला होता, समोरचा चहा गार झालेला. माझ्याकडे न बघता म्हणाला, "बारके, आदल्या दिवशी चार्जिंगला लावायचा कंटाळा केला मी. म्हटलं, रेघेखाली तीस आहेतच." मग वर बघितलं. "काटा बिघडला होता ना गं?"

त्याचे डोळे बघवेनात. काटा बरोबर होता असं म्हटलं असतं, तर हा माणूस जन्मभर स्वतःला खात बसला असता.

"हो," मी म्हणाले. "बिघडला होता. मी नीट तपासला नव्हता."

त्यानं मोठा श्वास सोडला. मग अगदी हळू आवाजात म्हणाला, "मग तू मारलंस तिला. जा. पुन्हा मला तोंड दाखवू नकोस."

मी उठले. भावासाठी खोटं बोलले, तेव्हा निदान मनातून तरी ताठ मानेनं निघायला हवं होतं. पण मी मान खाली घालून जिना उतरले, कारण तो म्हणाला त्यात खोटं काहीच नव्हतं.