तापलेलं दूध

नवसाबाईनं सकाळपासूनचं चौथं दुपटं पिळून तारेवर टाकलं आणि कंबरेवर हात ठेवून ती तशीच उभी राहिली. एकवीस दिवस झाले होते. सात महिन्यांच्या पायलचे जुलाब थांबायला तयार नव्हते.

सून सविता निफाडजवळच्या द्राक्षबागेत मजुरीला जायची. उन्हातून आलेल्या बाईचं दूध तापलेलं असतं, तेच नातीला बाधलं, असं नवसाबाईनं पहिल्याच आठवड्यात ठरवलं आणि अंगावरचं तोडलं. मग घरात बाटली आली; पचायला हलकं म्हणून दुधात निम्म्याहून जास्त पाणी. जुलाब वाढले तसं तिनं पाणीही आवरतं घेतलं. पाजावं तितकं वाहून जातं, हे तिला डोळ्यांनी दिसत होतं.

त्या दुपारी सविता लवकर परतली. पायल रडतही नव्हती. टाळू आत गेली होती, डोळे खोल. पोटाची कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहत होती. सवितानं तिला पदराखाली घेतलं.

"पाजू नको," नवसाबाई म्हणाली. "लय तापून आलीस."

"आत्याबाई, पंधरा दिस तुमचं ऐकलं," सविता हळूच म्हणाली. "आता नाय. मी दवाखान्यात चालले. यायचं तर या."

भांडायला नवसाबाईच्या अंगात बळ उरलं नव्हतं. चपला घालून ती मागोमाग निघाली.

सरकारी दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी पायलला भरती करून सलाईन लावलं. मग सगळं विचारून घेतलं.

"आईचं दूध उन्हानं तापत नाही, आजी. बाटलीतून पोटात जंतू गेले, पातळ दुधानं पोर उपाशी राहिली. आणि पाणी तोडलंत म्हणून सुकली. जुलाबात मूल दगावतं ते पाण्यावाचून."

नवसाबाई बाकावर बसली.

"माझा थोरला दहा महिन्यांचा व्हता. चारच दिस जुलाब झाले. सासूबाईंनी पाणी तोडायला लावलं. तो वाटीकडं बघायचा, म्हणून मीच वाटी उचलून फळीवर ठेवली."

सवितानं सासूच्या गुडघ्यावर हात ठेवला.

आठ दिवस दवाखान्यात गेले. चमच्याचमच्यानं ओआरएसचं पाणी, चौदा दिवस द्यायची झिंकची गोळी, दह्यात कालवलेला मऊ भात, मुगाची खिचडी. बाटली कायमची बंद. सविताचं दूध आटत आलं होतं. पोरीला पुन्हा पुन्हा लावलं तेव्हा कुठं उतरलं. आठव्या दिवशी पायलनं भुकेनं रडून वॉर्ड डोक्यावर घेतला.

महिन्याभरानं शेजारची सुलाबाई दारात आली.

"नवसाबाई, नातवाला तीन दिस जुलाब हाय. सुनेचं दूध तोडलं. पाणी बी बंद करू का?"

चाळीस वर्षं गल्लीतल्या बायका हे तिलाच विचारत आल्या होत्या. कुणाकुणाला आपण काय सांगितलं, ते नवसाबाईला आठवत होतं. त्यातल्या कुणाची लेकरं राहिली नाहीत, तेही.

"पाणी तोडू नको," ती म्हणाली. "त्याच्या आईला पाजू दे, अन् त्याला आत्ताच दवाखान्यात ने. माझा थोरला, सहादू, पाण्यावाचून गेला."

एवढ्या वर्षांत हे नाव तिच्या तोंडून कुणी ऐकलं नव्हतं.

सुलाबाईला, तिच्या सुनेला आणि नातवाला रिक्षात बसवून दिल्यावर नवसाबाई माघारी वळली नाही. गुडघे दुखत होते. ती गल्लीतल्या पुढच्या घराच्या दारापाशी गेली आणि तिनं कडी वाजवली.