ते घोरणं नव्हतं

मी एक फवारा बोलतोय. अत्तराचा नव्हे, झाडांवर मारायचाही नव्हे. अफूच्या जातीचं औषध कुणाला जास्त झालं आणि त्याचा श्वास बंद पडू लागला, की त्याच्या नाकात मला दाबायचं. उभ्या आयुष्यात माझं काम एवढंच, तेही एकदाच.

कारखान्यातून निघालो तेव्हा मी एकटा नव्हतो. आम्हा जुळ्यांना एकाच खोक्यात घालतात. एकाने भागलं नाही तर दुसरा हवा म्हणून. तिथून आम्ही एका वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर आलो. व्यसनातून बाहेर पडणाऱ्यांची आणि त्यांच्या घरच्यांची तिथे बैठक भरायची. चहाची किटली, घडीच्या खुर्च्या आणि सगळ्यांवर मायेने डाफरणारी एक नर्सबाई. मला न्यायला येणारे लोक नेहमी दुसऱ्याच कुणासाठी आलेले असायचे. शेजाऱ्यासाठी, मैत्रिणीच्या नवऱ्यासाठी. नर्सबाई मान डोलवायची, खोदून विचारायची नाही.

एक बाई मात्र सरळ म्हणाली, "धाकट्या दिरासाठी हवंय."

हा दीर रंगकाम करायचा. शिडीवरून पडला, पाठ धरली, डॉक्टरांनी दुखण्यावर गोळ्या दिल्या. पाठ काही बरी झाली नाही, गोळ्यांची मात्र चटक लागली. चिठ्ठीवर मिळेनात, तेव्हा तो मिळतील तिथून आणू लागला. आता उपचार केंद्रात काही महिने काढून तो घरी येणार होता. वहिनीला वाटत होतं, सुटलो एकदाचे. नर्सबाईने तिला समोर बसवून सांगितलं, की खरा धोका आता आहे. शरीराची सवय मोडलेली असते. पूर्वी पचायचं तेवढंच पुन्हा घेतलं, तर माणूस जागचा उठत नाही. मग अशा वेळी श्वासाचा जो आवाज येतो, तो तिने तोंडाने काढून दाखवला. घोरल्यासारखा, पण घशात पाणी अडकल्यासारखा खळखळणारा. वहिनीच्या अंगावर काटा आला. मीही तो आवाज मनात धरून ठेवला.

घरी आमचं स्वागत काही धड झालं नाही. तिच्या नवऱ्याचा, म्हणजे दिराच्या थोरल्या भावाचा, खालीच छापखाना होता. तो खोकं बघून उखडला. हे घरात ठेवायचं म्हणजे त्याला खुशाल घे म्हणण्यासारखं आहे, असं त्याचं म्हणणं. त्याने आम्हाला माळ्यावर टाकलं. वहिनी भांडली नाही. दुसऱ्या दिवशी स्टुलावर चढून तिने आम्हाला खाली काढलं, जेवणाच्या टेबलाच्या खणात चमच्यांशेजारी ठेवलं आणि दीर आल्यावर त्यालाच खण उघडून दाखवलं.

"भाऊजी, हे इथे आहे. घ्यावंसं वाटलं तर एकटे राहू नका, दाराला कडी लावू नका. मला सांगा. मी रागावणार नाही. निदान लगेच नाही."

तो हसला. खण बंद करताना त्याचा हात जरा रेंगाळला.

काही आठवडे बरे गेले. तो कामावर जाऊ लागला, बैठकीलाही. मग पाठ पुन्हा ठणकू लागली. हे त्याने कुणालाच सांगितलं नाही. टेबलाशी एकटाच बसून तो कण्हायचा, आणि कुणी आलं की शीळ घालायचा.

त्या दिवशी तो दुपारीच कामावरून परतला आणि आतल्या खोलीत जाऊन पडला. वहिनी शाळेच्या कार्यालयात कामाला गेली होती. थोरला जेवायला वर आला. आतून घोरण्याचा आवाज येत होता. झोपू दे बिचाऱ्याला, असं पुटपुटत त्याने भांड्याला भांडं लागू न देता ताट वाढून घेतलं.

मी त्याच्या ताटाखाली, खणात. आवाज मला ओळखीचा होता. तो घास चावत होता आणि दोन घोरण्यांमधलं अंतर वाढत चाललं होतं. मला ओरडायला तोंड नाही. तो पाणी प्यायला. आणखी थोडं वाढून घेतलं.

तेवढ्यात वहिनीचा फोन आला. हात खरकटा म्हणून त्याने तो स्पीकरवर लावला. तो दबक्या आवाजात म्हणाला, की धाकटा गाढ झोपलाय, मस्त घोरतोय. वहिनीने विचारलं,

"कसे घोरतायत?"

"कसे म्हणजे? घोरतात तसं."

"फोन त्यांच्या तोंडाजवळ न्या."

खुर्ची सरकली, पावलं आत गेली. मग तिचा आवाज खणापर्यंत आला. "अहो, ते घोरणं नाही. हलवा त्यांना."

त्याने हलवलं, गालावर थापट्या मारल्या. "ओठ निळे पडलेत," तो ओरडला. ती म्हणाली, शाळेच्या फोनवरून रुग्णवाहिका बोलावते, तुम्ही हा फोन ठेवू नका, टेबलाचा खण उघडा.

खण असा ओढला गेला की चमचे फरशीवर सांडले. शाईने माखलेल्या बोटांना पाकीट फाटेना. त्याने ते दातांनी फाडलं. ती सांगत गेली, तो करत गेला. उताणं झोपवा, मान मागे करा, नळी नाकपुडीत, दाबा. माझा जुळा खर्ची पडला. छाती हलली नाही. ती म्हणाली, नाक धरून तोंडाने श्वास द्या. ज्या भावाशी तो धड बोलतही नव्हता, त्याच्या तोंडाला तोंड लावून तो फुंकत राहिला. मधेच पुटपुटायचा, ऊठ रे, ऊठ.

मग त्याने मला उचललं. माझ्यानंतर खोक्यात कुणी नव्हतं. त्याने दाबलं.

किती वेळ गेला कोण जाणे. मग धाकट्याच्या घशातून श्वासाची एक ओढ आली, बुडता माणूस वर आल्यासारखी. पुन्हा एक. तो डोळे उघडून ओकला, कापू लागला, चिडला. "कशाला उठवलंस?"

थोरल्याने त्याचं तोंड पुसलं. त्याला कुशीवर वळवून, रुग्णवाहिका येईपर्यंत तो त्याचा घोटा घट्ट धरून बसला. दवाखान्यात नेणं भाग होतं. माझा जोर आधी ओसरतो, त्या गोळ्यांचा मागून.

मी थोरल्याच्या सदऱ्याच्या खिशात तसाच राहिलो, म्हणून दवाखान्यातलं पुढचं बोलणं ऐकलं.

"एवढी पाठ दुखत होती, तर बोलला का नाहीस?"

"तू म्हणाला असतास, निमित्त काढतोय."

थोरला बोटांवरची शाई खरवडत राहिला. मग म्हणाला, "म्हणालो असतो."

त्यानंतर पाठीचा इलाज वेगळा सुरू झाला, गोळ्यांचा वेगळा. धाकटा मधे एकदा घसरला. या वेळी त्याने आधी वहिनीला सांगितलं. अजून बैठकीला येतो. कधी थोरलाही येतो, दाराजवळच्या खुर्चीवर बसतो.

आणि मला वहिनीने परत बैठकीत आणून दिलं; आता मी इथेच असतो, नर्सबाईच्या टोपलीत. माझ्यात आता औषध नाही. नवीन माणसं माझ्यावर हात बसवतात. कुणी मला उलटा धरतं, कुणी नळी चाचपतानाच रडू लागतं. त्यांना आणि तुम्हालाही माझं एवढंच सांगणं आहे: या, मला हातात घ्या, हवं तितकं दाबा. मी रिकामा आहे. जे काही चुकायचं असेल, ते इथे माझ्यावर चुकून घ्या.