सरावाच्या खोलीतला पलंग

मित्रांनो, वर्गात तुम्ही बाक पाहिलेत, फळा पाहिलात. पण वर्गाच्या मधोमध पलंग कधी पाहिलाय? नाही ना? मग जरा इकडे या. हॉटेलातली कामं शिकवणाऱ्या एका छोट्याशा शाळेत मी उभा आहे. वयाने जुना, एका पायाने किंचित लंगडा, पण अजून कामावर. तुम्ही ऐकायला बसलाच आहात, तर माझी हकिगत सांगून टाकतो.

माझा जन्म एका अबोल सुताराच्या हातून झाला. रंधा मारून झाला की तो माझ्या कडेवरून तळहात फिरवायचा आणि कुठे कुसळ लागलं की पुन्हा घासायला बसायचा. त्याची बायको एकदा म्हणाली, "अहो, खालच्या बाजूला कशाला एवढं घासताय? तिथं कोण बघायला येतंय?" तो म्हणाला, "बघायला कुणी येत नाही. पण गादीखाली चादर खोचणारीचा हात तिथंच लागतो." एवढं बोलून तो पुन्हा कामाला लागला.

तिथून मी गेलो तळ्याकाठच्या एका हॉटेलात. कोपऱ्यातली खोली, खिडकीतून थेट पाणी दिसायचं. नवीन लग्न झालेली जोडपी आली, उड्या मारून माझ्या फळ्यांची परीक्षा घेणारी मुलं आली, बूटसुद्धा न काढता आडवे होणारे फिरते विक्रेते आले. सकाळी उठून कुणी म्हणायचं, "काय झोप लागली हो!" तेव्हा माझं लाकूड जणू पुन्हा पॉलिश केल्यासारखं चमकायचं.

पण आमच्या मालकाची एक समजूत होती. तो म्हणायचा, "चादर घालायला आणि चहा द्यायला शिकायचं काय असतं? हातपाय धड असले की झालं!" मग मेव्हण्याचा भाचा कामाला आला, शेजाऱ्याची पुतणी आली. त्यांना कुणी काही शिकवलं नाही. चुकलं की ओरडा मात्र भरपूर मिळायचा. बिचारी पोरं शिकणार तरी कुठून? दमट चादर माझ्यावर पसरायची. एखाद्या आजोबांनी विचारलं, "टेकडीवर जायला सोपी वाट कोणती?" की नुसती मान हलवून धूम ठोकायची. थोड्या दिवसांत कंटाळून निघून जायची. नवीन माणूस यायचा आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. तळं जागच्या जागी राहिलं, पाहुणे मात्र पलीकडच्या काठावरच्या हॉटेलात उतरू लागले. मालक म्हणायचा, "दिवसच वाईट आलेत." नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय!

हॉटेलला कुलूप लागलं. माझी रवानगी गोदामात झाली. अंगावर जुन्या पडद्यांचं गाठोडं, शेजारी हात तुटलेल्या खुर्च्या, पायाशी उंदरांचा संसार. दिवस मोजायचे मी केव्हाच सोडून दिले होते. वाटायचं, आता सरपण होणं तेवढं बाकी आहे.

तेवढ्यात एक दिवस दार उघडलं आणि एक बाई आत आल्या. केस पिकलेले, चाल मात्र तुरुतुरु. पलीकडच्या काठावरच्या त्याच हॉटेलात त्यांनी उमेदीची सगळी वर्षं काढली होती. न्हाणीघरं धुण्यापासून सुरुवात केली आणि शेवटी सगळ्या मजल्यांची देखरेख त्यांच्याकडे आली. त्यांनी मला हलवून पाहिलं, ढकलून पाहिलं आणि म्हणाल्या, "हाडं मजबूत आहेत. हाच द्या."

बाजारामागच्या गल्लीत त्यांनी एक लांबट खोली भाड्याने घेतली होती. मधोमध मला ठेवलं. दाराबाहेर एक टेबल मांडलं, त्याला सगळे 'स्वागतकक्ष' म्हणायचे. गावात थट्टा सुरू झाली. "आता अंथरूण घालायलाही शाळा! उद्या जांभया द्यायची शाळा काढतील." बाई ऐकायच्या आणि हसायच्या. त्या म्हणायच्या, "तळं बघायला लोक एकदा येतात. पुन्हा यायचं की नाही, ते आपण कसे वागतो त्यावर ठरवतात."

आणि मग, मित्रांनो, माझ्या आयुष्यात ती सासू-सुनेची जोडी आली.

सूनबाई चुणचुणीत, बोलायला लागली की समोरच्याला श्वास घ्यायची सवड नाही. सासूबाई अंगाने भरलेल्या, कपाळाला आठी, पिशवी पोटाशी घट्ट धरलेली. घरात सासरे शिंपी होते, पण लोक तयार कपडे घेऊ लागल्यापासून त्यांच्या मशीनवर धूळ बसत चालली होती. मुलगा प्रवासी गाडी चालवायचा. टेकडीपलीकडे नवं हॉटेल उभं राहत होतं आणि सुनेला तिथं काम हवं होतं. सासऱ्यांनी परवानगी दिली, पण अट घातली, "दोघी जाणार असाल तर जा. एकटीला पाठवायचं नाही."

पहिल्याच दिवशी सासूबाईंनी बाईंना सुनावलं, "मी आपली हिच्या सोबतीला आलेय हो. मला काही शिकायचं नाही. लग्न झाल्यापासून अंथरुणंच घालतेय मी."

"मग आम्हालाही दाखवा की," बाई म्हणाल्या.

सासूबाईंनी बाह्या सारल्या. फटाफट चादर झटकली, उशा आपटल्या आणि कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. बाई माझ्या कडेला बसल्या, एकदा इकडे सरकल्या, एकदा तिकडे. चादरीचे चारही कोपरे सुटून वर आले. मग बाईंनी उशीवरचा एक लांब केस उचलून उजेडात धरला.

"माझाच असेल," सासूबाई पुटपुटल्या.

"घरी चालतो. घरच्यांना तुमचा केस ओळखीचा असतो. पाहुण्याला तो परका असतो."

वर्गातल्या मुली फिदीफिदी हसल्या. सासूबाईंचा चेहरा लालबुंद झाला. मला वाटलं, संपलं, आता या सासूबाई काही परत यायच्या नाहीत. पण दुसऱ्या दिवशी वर्ग उघडायच्या आत त्या दारात हजर! "ते कोपऱ्याचं दाखवा," एवढंच म्हणाल्या. बाईंनी चादर पाकिटाच्या तोंडासारखी दुमडून गादीखाली कशी सारायची ते दाखवलं. सासूबाई घालत राहिल्या, काढत राहिल्या, पुन्हा घालत राहिल्या. चार दिवसांत त्यांचे कोपरे असे बसू लागले की मलाच नवा सदरा घातल्यासारखं वाटायचं.

सूनबाईचं उलटं होतं. नमस्कार, स्वागत, परभाषेतली चार वाक्यं, सगळं जिभेच्या टोकावर. कोपरे मात्र आपले "होईल हो नंतर!"

पण सासूबाईंना एका गोष्टीची धास्ती होती. अनोळखी माणसाशी बोलायचं म्हटलं की त्यांची जीभ टाळ्याला चिकटायची. सरावात कुणी पाहुणा होऊन विचारलं, "टॉवेल मिळेल का?" की त्या टॉवेलसकट दारामागे जायच्या. परीक्षा जवळ आली तशी त्यांनी एका दुपारी सुनेला सांगून टाकलं, "मी नाही बसत त्या परीक्षेला. नव्या हॉटेलच्या मॅनेजर मॅडम येणार, त्या काय विचारतील, मी काय बोलणार! या वयात हसं करून घेऊ?"

वर्ग सुटला होता. खोलीत त्या दोघी आणि मी. सूनबाईने हातातली उशी खाली ठेवली. मग म्हणाली, "आई, तुम्ही नाही आलात तर माझंही गेलं. बाबांची अट ठाऊक आहे ना तुम्हाला?"

सासूबाईंनी मान खाली घातली. माझ्या कडेवर बसून त्या चादरीची किनार उगाच चुरगाळत राहिल्या.

सूनबाईने एकदम चपला काढल्या आणि ती माझ्यावर ऐसपैस पसरली. "हं, मी पाहुणी. अहो, ही उशी किती कडक आहे! बदलून द्या!"

"अगं..."

"अगं काय? पाहुण्याला अगं म्हणतात? आणि पाणी कोमट का आहे? खिडकी का करकरते?"

"घरात कधी एवढा आवाज चढवला नाहीस तू!"

"घरात सासू असते माझी. इथं मी पैसे मोजून आलेय. बोला, काय करणार?"

सासूबाईंनी एकवार तिच्याकडे पाहिलं. मग हात पुढे बांधून ताठ उभ्या राहिल्या. "दुसरी उशी लगेच आणते. आणि खिडकीत तुमचंच तोंड अडकवलं की करकर आपोआप थांबेल." दोघी इतक्या हसल्या, इतक्या हसल्या की माझ्या फळ्यासुद्धा खदखदल्या. त्यानंतर रोज दुपारी सूनबाई नवीन पाहुणी व्हायची: कधी खडूस, कधी बहिरी, कधी वाट चुकलेली. हळूहळू सासूबाईंचे शब्द दारामागून बाहेर आले.

परीक्षेच्या दिवशी मॅनेजर मॅडम आल्या. बोलणं मोजकं, नजर बारीक. एकेकीला बोलावून त्या पाहुणीसारख्या प्रश्न विचारत होत्या. सूनबाईला त्यांनी विचारलं, "तळ्यावरून परत यायला शेवटची गाडी किती वाजता?"

"सात वाजता!" सूनबाईने हसून, ठणकावून सांगितलं. तिला माहीत नव्हतं. पण गप्प बसण्यापेक्षा काहीतरी बोललेलं बरं, असं तिला वाटलं.

मॅडमनी मान डोलावली. मग सासूबाई आत आल्या. दारावर टकटक, मग नमस्कार, कोपरे झकास. आणि तोच प्रश्न आला.

सासूबाई थिजल्या. बसलेला कोपरा त्यांनी उगाच पुन्हा खोचला. बाई भिंतीशी उभ्या होत्या. त्या वर्गात नेहमी सांगायच्या, "माहीत नसेल तर तसं सांगा, मग विचारून या. पण परत या, बरं का!"

"मला नक्की माहीत नाही," सासूबाई म्हणाल्या. "विचारून येते." आणि त्या बाहेर गेल्या.

गेल्या त्या गेल्याच. मॅडमनी घड्याळ पाहिलं. मुली एकमेकींना कोपरं मारू लागल्या. बाहेरच्या टेबलावरची मुलगी आत डोकावून म्हणाली, "मला विचारलं त्यांनी. मी म्हटलं, मलाही माहीत नाही. तर तडक रस्त्यावर गेल्या!" सूनबाईचा चेहरा पडला. तिला वाटलं, आई घाबरून घरी पळाल्या. खोटं कशाला बोलू, मलाही तसंच वाटलं.

तेवढ्यात धापा टाकत सासूबाई दारात आल्या. आत यायच्या आधी टकटक करायलाही विसरल्या नाहीत. "बस थांब्यावर जाऊन आले," त्या म्हणाल्या. "शेवटची गाडी सहाची आहे हो. सातपर्यंत थांबलात तर तळ्यावरच अडकाल. आणि वारा सुटतो तिथं, काहीतरी गरम घालून जा."

मॅडम पहिल्यांदाच हसल्या.

निकाल लागला. सासूबाईंना काम मिळालं. सूनबाईला मॅडमनी सांगितलं, "तू चांगली बोलतेस. पण तुझ्या भरवशावर पाहुणा तळ्यावर अडकला असता. पुढच्या तुकडीबरोबर पुन्हा ये."

मित्रांनो, तो आनंदाचा दिवस होता, पण गोड मात्र वाटला नाही. सूनबाई कोपऱ्यात जाऊन डोळे पुसत होती. सासूबाई अवघडून उभ्या होत्या. दुसऱ्याच्या ताटातला घास उचलल्यासारखं त्यांना झालं होतं. "मी नाही जात," त्या म्हणाल्या.

"जायचं!" सूनबाई रडता रडताच ओरडली. "आता घरी बसलात तर बघा. एवढी उशी बदलून घेतली मी तुमच्याकडून, ती काय फुकट?"

घरी काय झालं ते मी पाहिलं नाही. पण सूनबाईने दुसऱ्या दिवशी वर्गात सांगितलं. सासरे म्हणाले होते, "एकटीला पाठवायचं नाही, ठरलंय ना?" त्यावर सासूबाई म्हणाल्या, "सुनेला एकटीला पाठवायचं नाही, असं ठरलंय. मी आधी तिथं जाऊन बसते. मागून ती आली की एकटी कशी?" सासऱ्यांनी मशीनवरची धूळ पुसायला घेतली म्हणे.

सूनबाई थोडे दिवस रुसलेलीच होती. बाईंशी बोलेना, माझ्यावर चादर अशी फेकायची की जणू माझीच चूक. मग सुट्टीच्या दिवशी हॉटेलचा गणवेश घालून सासूबाई आल्या आणि म्हणाल्या, "चल, कोपरे घाल. आज मी पाहुणी." त्यांनी सुनेकडून कोपरे घटवून घेतले आणि सुनेने त्यांना परभाषेतली आणखी चार वाक्यं शिकवली. सूनबाई दुसऱ्या परीक्षेच्या आधी स्वतः तळ्यावर जाऊन आली, गाड्यांच्या वेळा विचारल्या, टेकडीची सोपी वाट पायाखाली घातली. आता ती नव्या हॉटेलच्या स्वागतकक्षात उभी असते. अजूनही खूप बोलते, पण मध्येच थांबून म्हणते, "एक मिनिट हं, खात्री करून सांगते."

मित्रांनो, तुम्हीही कधीतरी फिरायला जाल, परक्या गावात उतराल. खोलीत शिराल तेव्हा अंथरूण आयतं तयार असेल. ते आपोआप झालेलं नसतं. कुणीतरी ते शिकलेलं असतं, चुकलेलं असतं, हसं करून घेऊन पुन्हा दारात आलेलं असतं. निघताना त्या माणसाला "छान झोप लागली" एवढं सांगून जा. आणि उद्या तुमच्यापैकी कुणाला हे काम करावंसं वाटलं, तर कुणाच्या थट्टेने मागे फिरू नका. नीट शिका. आणि तुम्ही मालक झालात, तर शिकवा.

आज नव्या तुकडीचा पहिला दिवस. सगळे आत आले तरी दारात एक गृहस्थ घुटमळत होते. गळ्यात मोजपट्टी, हातात जुनी कात्री. सूनबाईचे सासरे! बाईंनी विचारलं, "काय हो, कुणाला शोधताय?"

"नाही, सहज आलो," ते खाकरले. "हॉटेलात पडदे शिवायला, अभ्रे दुरुस्त करायला माणूस लागतो म्हणे. घरातल्या दोघी सांगत होत्या. पण या वयात..."

बाईंनी माझ्यावरच्या चादरीचं एक टोक उचललं आणि त्यांच्या हातात दिलं.

"घट्ट धरा," त्या म्हणाल्या. "आणि आधी ती कात्री खाली ठेवा."