सहासष्ट किलो वाळू

गाडीखाली उताणे पडून निरीक्षकांनी आठवड्यापूर्वी स्वतःच्याच हाताने आवळलेला बोल्ट सैल केला. पाना हिसक्यासरशी सुटला आणि कोपर चाकाखालच्या लाकडी ठोकळ्यावर आपटलं. त्यांनी तोंडातल्या तोंडात एक शिवी हासडली, ती स्वतःलाच होती, आणि ते पुढच्या बोल्टकडे सरकले. असे आठ बोल्ट होते. आठही चुकीच्या पद्धतीने आवळले गेले होते आणि ही करामत सर्वस्वी त्यांची होती.

सकाळी मिस्त्री पाहणी करून गेला होता. उकिडवं बसून त्याने गाडीखाली बॅटरी फिरवली आणि एकच प्रश्न विचारला, हे आवळलंत तेव्हा गाडी कुठे होती? जॅकवर, निरीक्षक म्हणाले. म्हणजे चाकं लोंबकळत होती? हो, लोंबकळत होती. मिस्त्री सभ्य माणूस होता. कपाळाकडे निघालेला हात त्याने वाटेत भुवई खाजवण्याच्या कामी लावला. मग त्याने शांतपणे समजावून सांगितलं. या प्रत्येक सांध्यात रबराचा एक बुश असतो. बोल्ट ज्या स्थितीत आवळाल त्या स्थितीत तो बुश कायमचा अडकतो. गाडी अधांतरी असताना आवळला, की जमिनीवर आल्यावर तो जन्मभर पिळलेला राहतो आणि चार-सहा महिन्यांत फाटतो.

"गाडी भरलेली पाहिजे, साहेब," मिस्त्री म्हणाला होता. "जी माणसं बसणार ती बसलेली पाहिजेत. मग आवळायचं."

हे काही गुपित नव्हतं. गाडी जर्मन होती, तीस वर्षांहून जुनी, आणि तिच्या जाडजूड पुस्तकात हे पान स्वच्छ छापलेलं होतं. टाकी भरलेली हवी, पुढच्या दोन्ही सीटवर अडुसष्ट-अडुसष्ट किलो वजन हवं. निरीक्षकांनी ते पान वाचलंही होतं. पण हल्ली त्यांना कशाचीच सबुरी उरली नव्हती. एक काम हातात घ्यायचे तेव्हा मन तिसऱ्या कामात असायचं. भिंतीवर खडूने लिहिलेल्या यादीकडे ते दिवसातून वीस वेळा बघत आणि बघून झालं की पाना कुठे ठेवला ते विसरत.

गुरुवार तीन दिवसांवर आला होता. लेकीचे दिवस भरत आले होते आणि ती चारशे किलोमीटरवर राहत होती. बायकोने आपलं एकटीचं गुरुवारचं रेल्वेचं तिकीट काढून ठेवलं होतं. तुम्ही मागून या, ती म्हणाली होती, त्यात राग नव्हता की रुसवा नव्हता. निरीक्षकांना ती गाडीतून यायला हवी होती. त्यांच्या शेजारी, त्याच सीटवर. गेले चौदा महिने त्यांचा जीव एवढ्या एका गोष्टीसाठी टांगणीला लागला होता.

कारण दोन वर्षांपूर्वी ती त्याच सीटवर डुलकी घेत होती. पुलाच्या तोंडाशी रस्ता खचलेला होता. गाडी त्यात आदळली, मागचे शॉकअप होते-नव्हते सारखेच होते, आणि बायकोच्या मणक्याला तडा गेला. शॉकअपमधून तेल गळतंय हे मिस्त्रीने सहा महिने आधीच सांगितलं होतं. करू पुढच्या महिन्यात, असं निरीक्षक सहा वेळा म्हणाले होते. बायको चार महिने अंथरुणावर होती. उठल्यावर ती पुन्हा त्या गाडीत बसली नाही आणि त्याबद्दल एक अक्षर बोलली नाही. तिने एकदा घर डोक्यावर घेतलं असतं, भांडी आपटली असती, तर निरीक्षकांना बरं वाटलं असतं. ती बसने जाऊ-येऊ लागली, एवढंच.

मग ते गॅरेजात उतरले ते जवळजवळ तिथेच राहिले. पेन्शनीतला माणूस, वेळच वेळ. स्प्रिंगा बदलल्या, आर्म बदलले, बेअरिंगं बदलली. शॉकअप तर नुसते नवे नाही, वरच्या दर्जाचे मागवले, गॅसचे, बारा टप्प्यांत मऊ-कडक करता येणारे. कंपनीसारखेच टाका, पुरतील, असं मिस्त्री सांगून थकला. पण निरीक्षकांना गाडी पूर्वीसारखी नकोच होती. कारखान्यातून निघाली तेव्हाही नव्हती इतकी मऊ हवी होती. खड्डा आला तरी पाण्याचा पेला हिंदकळता कामा नये, अशी त्यांची कल्पना होती.

आठवा बोल्ट सैल झाला तेव्हा बारा वाजून गेले होते. निरीक्षक बाहेर आले आणि वजनाच्या मागे लागले. आता वजन म्हणजे त्यांचा प्रांत. चौतीस वर्षं ते वजनमापं तपासत हिंडले होते. किलोमागे दहा ग्रॅम मारणाऱ्या दुकानदाराचा काटा त्यांनी भर बाजारात सील केला होता. निवृत्त होताना खात्याने लिलावात काढलेला मोठा तबकडीचा काटा आणि प्रमाणित वजनांचा एक संच त्यांनी स्वतःच विकत घेतला, आणि तो घरी आणल्या दिवशी हौसेने सगळ्यांना त्यावर उभं केलं. बायको, लेक, जावई, सिलिंडर, शेजारचा कुत्रा. सगळ्यांची वजनं त्यांना अजून तोंडपाठ होती.

पुस्तकातला अडुसष्ट किलोचा तो जर्मन माणूस त्यांना पटला नाही. तो काही यांच्या गाडीत बसायला येणार नव्हता. जी माणसं बसणार त्यांचंच वजन घालायचं, असं त्यांनी ठरवलं. ते स्वतः काट्यावर चढले. त्र्याऐंशी भरले, तीन वर्षांत दोन किलो वाढलेले. त्यांनी बांधकामावरून आणलेली वाळू एका पोत्यात त्र्याऐंशी भरली, दुसऱ्यात सहासष्ट. दोन्ही पोती तिरकी फळी लावून, धापा टाकत पुढच्या सीटांवर चढवली, घसरू नयेत म्हणून त्यांना पट्टे लावले आणि खडूने लिहिलं, एकावर 'मी ८३', दुसऱ्यावर 'ती ६६'. मग पाना घेऊन ते पुन्हा आत सरकले.

तेवढ्यात जिना वाजला. घरातून गॅरेजात उतरायला अकरा पायऱ्या होत्या आणि बायको एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकत उतरायची. रोज या वेळी ती त्यांचं ताट झाकून आणायची, हत्यारांच्या पेटीवर ठेवायची आणि वर जायची. हात काळे असतात, वर कुठे येऊ, असं निरीक्षकच एकदा म्हणाले होते. त्याला वर्ष झालं. गाडीखालून त्यांना रोज तिचे फक्त पाय दिसत.

आज पाय गेले नाहीत. ते गाडीला वळसा घालून डाव्या दाराशी थांबले.

"हे कोण?" तिने विचारलं.

"तू," निरीक्षक गाडीखालून म्हणाले.

ती हसली. फार नाही, पण निरीक्षक ताबडतोब बाहेर आले, कारण हा आवाज त्यांनी बऱ्याच दिवसांत ऐकला नव्हता. हसतेय तोवर सगळं सांगून टाकावं म्हणून ते बुश, बोल्ट, जर्मन पुस्तक, सगळं एका दमात बोलून गेले. रबराला आत्तापासून तिच्या वजनाची सवय होईल, तिला हादरा म्हणून जाणवणार नाही, असंही म्हणाले. तिने ऐकून घेतलं. मग पट्टा लावलेल्या पोत्याकडे वाकून खडूची अक्षरं वाचली.

"हे कधीचं?"

"काय?"

"सहासष्ट."

"तुझं वजन आहे ते."

"ते कळलं मला. कधीचं?"

निरीक्षकांनी काट्याकडे बघितलं. स्वतःला त्यांनी तासाभरापूर्वी मोजलं होतं. तिचा आकडा त्यांनी आठवणीतून घेतला होता. चौतीस वर्षांत कुणाचाही तोंडी आकडा त्यांनी कधी कागदावर घेतला नव्हता.

बायकोने चपला काढल्या आणि ती काट्यावर उभी राहिली. सुई निघाली आणि फार लवकर थांबली. एक्कावन्न.

"काटा बिघडलाय," निरीक्षक म्हणाले.

म्हटल्याबरोबर त्यांचे कान तापले. हे वाक्य त्यांनी हजार दुकानांत ऐकलं होतं. साहेब, काटा आजच बिघडला बघा. ते नुसतं हसायचे आणि पिशवीतून प्रमाणित वजनं काढायचे. आताही त्यांना दुसरं काही सुचलं नाही. ती खाली उतरली. त्यांनी फळीवरून वजनं आणली आणि एकेक करून ठेवली. वीस. वीस. दहा. एक. सुई एक्कावन्नवर येऊन थांबली, केसभरही इकडे नाही की तिकडे नाही.

बायको हे सगळं दाराला टेकून बघत होती.

"डॉक्टरांनी लिहून दिलंय," ती म्हणाली. "फ्रिजच्या दारावर लावलीय चिठ्ठी. सगळ्या तपासण्या करून घेतल्या मी, कशात काही निघालं नाही. खात जा म्हणाले."

फ्रिज निरीक्षक रोज उघडत. पाण्याची बाटली काढायला, दिवसातून पाच वेळा.

"तपासण्यांना कुणाबरोबर गेलीस?"

"बस थेट जाते ना तिथे."

 निरीक्षक तिच्या पोत्याकडे वळले, त्याचं तोंड सोडलं आणि टमरेलाने वाळू काढून घमेल्यात ओतू लागले. घमेलं काट्यावर ठेवून बघितलं, अजून काढली, परत बघितलं. घमेल्याचं वजन वजा जाता पंधरा भरायला बराच वेळ लागला. पंधरा किलो वाळू केवढी तरी दिसते. ती त्या घमेल्यात शीग लागून बसली होती आणि निरीक्षक तिच्यासमोर टमरेल घेऊन उभे होते. एवढं सगळं घरातून गेलं होतं, ते खाली इथे शॉकअपचे टप्पे मोजत असताना.

"ते पोतं काढा," बायको म्हणाली. "मीच बसते."

"तुझी पाठ?"

"गाडी उभीच आहे ना. उभ्या गाडीत काय होणार?"

त्यांनी पोतं ओढून काढलं आणि सीटवरची वाळू आधी फडक्याने, मग तळहाताने झटकली. ठोकळ्यांमुळे गाडी उंच होती, म्हणून हत्यारांच्या पेटीवरचं ताट बाजूला ठेवून पेटी पायाशी सरकवली. बायको दाराची कड धरून वर चढली, जपून टेकली आणि तिने दोन्ही हात मांडीवर ठेवले. निरीक्षक खाली गेले. गाडी किंचित बसली. किती, ते त्यांनी मोजलं नाही.

त्यांचा पाना ठरावीक जोर झाला की टक असा वाजायचा. पहिला बोल्ट वाजला. दुसरा. तिसरा.

"मी तिकीट रद्द केलेलं नाही अजून," वरून आवाज आला.

"नको करूस."

 चौथा वाजला.

"मग ही गाडी?"

"तू म्हणशील तसं. गाडीने जाऊ म्हणालीस तर गाडीने जाऊ. नाहीतर माझंही तिकीट काढू, जागा असेल तर." हे आपण म्हणालो याचं त्यांनाच नवल वाटलं. पाचवा बोल्ट आवळताना त्यांनी ते पुन्हा मनात म्हणून बघितलं. ते खरं होतं.

सहावा वाजला. त्यांच्या डोक्यावर हातभर अंतरावर, पत्र्याच्या पलीकडे, तिचे पाय होते.

"जेवलीस का तू?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"एक वाजून गेला की."

"तुमचं ताट खाली आणून दिलं की वर एकटीला घास उतरत नाही," ती म्हणाली. बसची वेळ सांगावी तशी म्हणाली. "थोडं खाते. बाकीचं झाकून ठेवते."

 निरीक्षकांनी पाना बाजूला ठेवला, ते बाहेर आले आणि फडक्याला हात पुसू लागले. हात स्वच्छ होण्यातले नव्हते. तरी त्यांनी ते पुसले आणि ताट उचललं.

"दोन राहिले," बायको सीटवरून म्हणाली. तिने आवाज मोजले होते.

"जेवून आल्यावर बस परत. तेव्हा आवळतो."

"जेवून येऊन काय फरक पडणार? पाव किलो वाढेन फार तर."

"पाव किलो म्हणजे कमी नसतं," निरीक्षक म्हणाले.

त्यांनी मोकळा हात पुढे केला. तो काळा होता. तिने तो धरला आणि ती पेटीवर पाय ठेवून खाली उतरली. मग ती पुढे आणि ताट घेऊन ते मागे, असे दोघं जिना चढले, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकत.