फळ्यावरचं युद्ध

दत्तारामच्या बोटावरचा ऑक्सिमीटर नव्वदच्या खाली उतरला होता आणि गेटवर ॲम्ब्युलन्सवाला हॉर्न वाजवून वैतागला होता. तरी हा गृहस्थ खुर्चीतून उठायला तयार नव्हता.

"युद्धात पाठ दाखवूची नाय," तो धापा टाकत म्हणाला.

वनमालाला नवऱ्याचा संताप आला. गिरणीच्या संपातही तो असाच अडून बसला होता, गिरणी गेली तरी. आता चारकोपच्या या बिनलिफ्टच्या इमारतीचा सेक्रेटरी म्हणून तो खालच्या फळ्यावर रोज खडूने युद्ध चालवत होता. गेट म्हणजे सीमा, कोरोना म्हणजे शत्रू. दुसऱ्या मजल्यावरच्या राधाचे सासरे आजारी पडले, तेव्हा त्याने ठळक अक्षरांत लिहिलं, 'शत्रूला आत आणणाऱ्या फितुरांना क्षमा नाही.' म्हाताऱ्याला नेताना एकही दार उघडलं नाही. वनमालाचंही नाही. ते परत आलेच नाहीत. त्याच आठवड्यात दत्तारामला कणकण आली. आता स्वतःच फितूर कसा ठरणार? त्याने ताप बायकोपासूनही लपवला.

ती त्याच्यासमोर उकिडवी बसली. "ह्यां युद्ध नाय. पाणी चढता हा. गावाक पूर इलो तेवा मामा, तुमचे बापूस, नदीशी लढले काय? गुरां सोडल्यानी, तुमका खांद्यार घेतल्यानी आणि देवळात जावन बसले. तेंका कोणी भित्रो म्हटल्यान?"

त्याने खुर्चीचे हात धरले. मग "चल" म्हणाला, पण त्याला उभं राहता येईना.

वनमालाने मजल्यावरच्या बेला वाजवल्या. आतले टीव्ही बारीक झाले, दारं मिटलेलीच राहिली. फळ्यावरचं सगळ्यांनी नीट वाचलं होतं. ती खाली राधाच्या दाराशी आली. लाजेने हात वर होईना. तरी तिने बेल दाबली.

"राधा, यांना चालवत नाही गं. ॲम्ब्युलन्सवाला वर येत नाही, खुर्ची धरायला कुणी नाही."

राधा तिच्याकडे बघत राहिली. "तेव्हा तुम्ही आत होता ना, काकू?"

"होते."

राधाने मास्क बांधला आणि जिना चढू लागली.

दोघींनी खुर्ची उचलली, एकेक पायरी टेकवत उतरवली. तळमजल्यावर फळा समोर आला. 'फितुरांना क्षमा नाही' हा शेवटचा मजकूर तसाच होता. दत्तारामने हात पुढे केला, तो पोचला नाही.

"पूस तां," तो वनमालाला म्हणाला.

वनमालाचे दोन्ही हात खुर्चीला होते. राधाचेही.